मुशीचं तेल आणि लाकडी चाकं

आये,

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे पत्र मी तेव्हा पाठवलं असतं तर बाने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं, आणि जे फक्त तुझ्या-माझ्यात राहायला हवं होतं ते दिवस मावळायच्या आत सगळ्या कोळीवाड्यात झालं असतं. आता ती भीती नाही. तू नाहीस, बा नाही, वाचून दाखवणारेही गेले. सून समजते की मी पेन्शनचे कागद भरते आहे. समजू दे.

तुझी आठवण काढायला बसलं की मला आधी तुझा चेहरा आठवत नाही, तुझी थप्पड आठवते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेत, तू आणि शेजारची काकू खाली बसून कोळंबी सोलताय, आणि मी आपली शहाणपणाने तुझ्या टोपलीतली कोळंबी घेऊन सोलायला लागले. काकू कौतुकाने म्हणाली, "बग गो, पोर शिकली बी." तू ओल्या हाताने माझ्या गालावर अशी वाजवलीस की काकूच दचकली. "पुन्यांदा टोपलीला हात लावलास त हात तोडून ठेवीन," म्हणालीस. मी रडत घरी गेले. मला वाटलं, मी चुकीची सोलली म्हणून मारलं. कोळ्याच्या घरातली पोर आणि तिला मासळी साफ करता येत नाही, यावरून बायका तुला किती बोलायच्या! आजी तर म्हणायची, हिला सासरी पाठवशील तेव्हा सोबत एक बाई पण पाठव कापाकापी करायला. तू मान खाली घालून ऐकायचीस आणि मला शिकवायची नाहीस. तुझ्या बोटांच्या पेरांना मिठाच्या पाण्याने पडलेल्या भेगा होत्या, त्यात हळद भरायचीस. मला तू कधी काही सांगितलं नाहीस. फक्त शिकवलं नाहीस. म्हणजे माझ्या परतीची वाट तू माझ्या लहानपणीच मोडून ठेवली होतीस, आणि मी कुठे जाणार हे मात्र तुला ठाऊक नव्हतं.

मग मावशीने मला मुंबईला नेलं. तिला मूल नव्हतं, काका गोदीत होते, शाळा जवळ होती; बाला समजावायला एवढं पुरलं. मावशीच्या चाळीमागे बाग होती आणि बागेत सिमेंटची गोल रिंक. संध्याकाळी तिथे पायांत चाकांचे बूट घालून मुलं-मुली फिरायची. मी कठड्याला टेकून बघत राहायचे. शिकवणारे सर रेल्वेतून निवृत्त झालेले, खाकी हाफ पँट घालणारे, आवाज असा की बागेतले कावळे उडायचे. एक दिवस मला म्हणाले, "रोज बघतेस, लाज नाही वाटत? घाल पायात." क्लबच्या जुन्या जोड्यांतली एक जोडी त्यांनी माझ्यापुढे टाकली. लाकडी चाकं, फाटलेले पट्टे. मी घातली, उभी राहिले आणि पडले. पुन्हा उभी राहिले. होडीत वाढलेल्या पोरीला पायाखालचं हलणं नवीन नसतं, सरांनाही ते दिसलं असावं. पुढची चार वर्षं त्यांनी मला सोडलं नाही.

सुट्टीत घरी आले की तू मला विचारायचीस, "मंजे करतंस काय गो तिथं?" मी सांगायचे, आये, चाकांवर उभं राहून जमिनीवर रंगवलेल्या रेषेवरून गोल गोल जायचं, मागे, पुढे, एका पायावर. रेष सुटली की गुण कापतात. मग गाण्यावर नाचायचं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि शेजारच्या काकूला सांगितलंस, "पाय न उचलता नाचतेत." त्याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. फ्रॉकमध्ये गुडघे दिसतात हे बाला सांगायचं नाही, एवढं मात्र तू मला बजावलंस.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या साली देशभरच्या मुला-मुलींची अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरायची ठरली आणि आमच्या क्लबातून मुलींमध्ये सरांनी माझं नाव दिलं. त्याच महिन्यात बाने माझं लग्न ठरवलं. खाडीपलीकडचं घर, स्वतःची होडी, मुलगा निर्व्यसनी. वाईट काहीच नव्हतं त्यात, हेच तर वाईट होतं. मी मावशीला धरून रडले, मावशीने सरांना सांगितलं, आणि सर चक्क रेवदंड्याला येऊन बासमोर बसले. पहिल्या तिघींत आली तर क्लब हिला लहान मुलींना शिकवायला ठेवील, मॅट्रिक होईपर्यंत फी भरील, पुढे शाळेत खेळाच्या बाईची नोकरी लागू शकते. बा बराच वेळ जाळं शिवत राहिला. मग म्हणाला, "तिघींत आली त ऱ्हाऊ दे. नायतर वैशाखात लगीन. माजा शब्द गेलाय." सर हो म्हणाले. तू दाराआड उभी होतीस. तुझ्याकडे कुणीच बघितलं नाही, मीही नाही.

त्या शेवटच्या महिन्यात मी माणसासारखी नव्हते. जेवण जात नव्हतं. शाळेतून आले की रिंकवर, दिवे लागले तरी रिंकवर. डोळे मिटले की रंगवलेलं वर्तुळ दिसायचं आणि त्यावरून सुटणारा माझाच पाय दिसायचा. उजव्या पायावर मागे जात आठाचा आकडा काढायचा ही माझी अवघड आकृती. ती जमली की मी मावशीला मिठी मारायचे आणि चुकली की मला खाडीपलीकडचं ते घर दिसायचं, त्यातली कोळंबीची टोपली दिसायची, आणि टोपलीपुढे काहीच न येणारी मी. सासू काय म्हणेल हे मी आजीच्या आवाजात ऐकायचे. देवाला मी किती गोष्टी कबूल केल्या त्याचा हिशेब नाही. एकही फेडलेली नाही, तोही आता विसरला असेल.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू आलीस. रेवदंड्याहून एसटी, रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावरून चालत. डोक्यावर गाठोडं, त्यात मावशीसाठी सुके बोंबील, जवळा आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी बाटलीभर मुशीच्या, शहरातले शार्क म्हणतात तिच्या, काळजाचं तेल. मला बघून तू म्हणालीस, "हाडं झालीस." मग मी सरांकडे गेले, छातीवर लावायचा नंबर आणायला. माझे स्केट्स खाटेखाली होते. मी परत आले तेव्हा तू चुलीपाशी होतीस, स्केट्स फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते, आणि मी तुला विचारलंही नाही. फडक्यात गुंडाळलेत, बरं केलं, एवढंच मनात आलं.

काय केलंस ते मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओळखू शकले नाही. तू ती चाकं हातात घेऊन पाहिलीस. लाकूड कोरडं पडलेलं, पांढुरकं, बारीक चिरा गेलेल्या. होडीची फळी अशी दिसली की कोळ्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. उन्हाने वाळलेल्या फळीला तेल पाजलं नाही तर ती दर्यात दगा देते, हे तू चालायला लागल्यापासून पाहत आलीस. मग तू बाटली उघडलीस आणि एकेका चाकाला बोटाने तेल चोळलंस, मुरू दिलंस, पुन्हा चोळलंस, वरून फडक्याने पुसून घेतलंस. मावशी म्हणायची, तू मध्येच थांबून चाकाला हात जोडलेस. माझ्या पोरीला सांभाळ, असं काहीतरी पुटपुटत होतीस.

सकाळी स्पर्धेच्या रिंकवर मंडप घातला होता. दोरीवर कागदाच्या पताका, एका बाजूला परीक्षकांची टेबलं, पाहुण्यांसाठी खुर्च्या, बाकीच्यांना लाकडी पायऱ्या. तू मावशीबरोबर वरच्या पायरीवर, ठेवणीतलं हिरवं लुगडं कासोट्याने नेसून, अंबाड्यात अबोली. तुझ्या आजूबाजूला बरीच जागा रिकामी होती. खाली आम्ही मुली. कलकत्त्याची एक होती, माझ्याच वयाची, लांब वेणी, पांढरा फ्रॉक, तिचा बाप कठड्याला चिकटून सारखा हनुवटी वर करून दाखवायचा आणि ती हनुवटी वर करायची. आकृत्या सुरू होण्याआधी ती खांबामागे जाऊन ओकून आली, तोंड पुसलं आणि पुन्हा हनुवटी वर. दिल्लीच्या दोघी बहिणी होत्या, त्या आपापसांतही बोलत नव्हत्या, कारण दोघी एकाच गटात होत्या. अहमदाबादची एक सारखी हसायची, आणि जवळ गेल्यावर कळायचं की तिचे दात वाजताहेत. मला तोवर वाटत होतं की त्या रिंकवर माझ्या एकटीचाच जीव टांगणीला लागलाय. त्यांच्यातही कुणाकुणाचा बा कुणाला शब्द देऊन बसला असेल, मला काय माहीत.

मी बाकावर बसून पट्टे बांधत होते तेव्हा दिल्लीच्या थोरलीने नाकाला रुमाल लावला आणि ती उठून पलीकडे गेली. मग अहमदाबादची सरकली. कुणीतरी हळूच म्हणालं, "मछली की बास आ रही है." आये, माझं डोकं असं तापलं! शाळेत पहिल्या वर्षी मला हेच ऐकावं लागलं होतं, कोळीण म्हणून माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. मी मान ताठ केली. येते बास, तर येते. मी कोळ्याची आहे आणि आज तुमच्या नाकावर टिच्चून पहिल्या तिघींत येणार आहे, असं मनात म्हणत मी फुरफुरत उठले. त्या वासाचा मला राग आला, पण तो वास कुठून येतोय असा प्रश्न पडला नाही. पडणार कसा? मला तो वास येतच नव्हता. मी त्यातच जन्मले होते. जरा कमी मानी असते, खाली वाकून एकदा नाक लावलं असतं, तर वेळ होती.

सरावाला रिंकवर गेले तर पाय निसटल्यासारखे. फरशी त्या सकाळी साबणाने धुतली होती, सगळ्याच मुली कुरकुरत होत्या की सटकतंय, म्हणून मीही तेच समजले. मग माझा नंबर पुकारला. पहिली आकृती पुढे जात होती, ती कशीबशी निभावली. दुसऱ्या आकृतीत शरीराचा भार कडेवर टाकला आणि चाकाने जमीन धरलीच नाही. मी रेषेवरून बाहेर घसरले, पाय टेकला. मंडपात कुणीतरी "अरेरे" केलं. तिसरी, ती माझी उजव्या पायाची. मी सुरुवात केली, मागे जायला लागले, आणि वर्तुळाच्या अर्ध्यात चाकं बाजूला गेली आणि मी हातांवर पडले. उठून पूर्ण केली, पण त्याला काही अर्थ नव्हता. परीक्षकांनी माना खाली घालून लिहिलं. मला दिसत होतं ते फक्त जमिनीवरची ती पांढरी रेघ, आणि माझ्या चाकांनी तिच्या शेजारी ओढलेला ओला पट्टा.

सरांनी मला कठड्याशी ओढलं, "काय चाललंय काय तुझं?" म्हणाले, मग वाकले, चाकावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "हे काय लावलंयस?" मी म्हटलं, काही नाही. आणि म्हणता म्हणता मला कळलं. मी वर पाहिलं. मी पाहायला नको होतं. मी पाहिलं नसतं तर तुला इतक्या लगेच समजलं नसतं. तू सरांना चाक हुंगताना पाहिलंस, मला तुझ्याकडे पाहताना पाहिलंस, आणि तुझा हात आपसूक तोंडावर गेला.

तू पायऱ्या उतरून आलीस, लोकांच्या मांड्यांवरून, चपला वरच राहिल्या. सरांसमोर उभी राहून म्हणालीस, "मी लावलं. मुशीचं तेल. लाकूड फुटंल म्हून." सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, चाकाला धरायला लागतं. तेलाने सुटतं." तू विचारलंस, "मंग आता?" आता काही नाही, सर म्हणाले. आकृत्यांचे गुण गेले. संध्याकाळी गाण्यावरचा भाग आहे, पण त्यालाही अशा चाकांवर कशी उभी राहणार. कलकत्त्याची ती मुलगी हे सगळं पाहत होती. ती आत गेली आणि आपली जादा चाकं घेऊन आली. बाप पलीकडून काहीतरी दटावत होता, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सरांनी चाकं लावून पाहिली. तिच्या चाकांचं भोक माझ्या दांडीला बारीक होतं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हारी माँ है?" मी हो म्हटलं. ती तुझ्याकडे बघत राहिली, मग आपली चाकं घेऊन गेली.

"राख गावंल का कुठं?" तू विचारलंस. कुणाला काही समजेना. मला समजलं. वाम असो, मुशी असो, बुळबुळीत मासळी हातात धरायची तर तू राखेने चोळून घ्यायचीस. तू मंडपाबाहेर पळत गेलीस. पळताना तुला मी कधीच पाहिलं नव्हतं, कोळणी चालतात ते इतरांच्या पळण्याइतकं असतं. रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याकडून पदरात राख घेऊन आलीस. सरांनी चावीने एकेक चाक सोडवून दिलं आणि तू जमिनीवर बसून चोळत राहिलीस. राख तेलकट झाली की झटकायचीस, पुन्हा नवी. तुझ्या पेरांच्या भेगा उघडल्या आणि राखेत रक्ताचा डाग दिसला. मी म्हटलं, आये, बस. तू मान वर केली नाहीस. "तू गप ऱ्हा. तू पानी पी जा," म्हणालीस, आणि नाकातून येणारं पाणी खांद्याला पुसलंस. आजूबाजूला फ्रॉक घातलेल्या मुली, कोट घातलेले बाप, आणि मध्ये तू. त्या दिवशी मला लाज वाटली नाही, एवढं तुला सांगते. मला नुसती भीती वाटत होती. चाकं सुकतील की नाही, गुण भरून निघतील की नाही, वैशाख येईल की नाही. एवढ्यापलीकडे मनात काही शिरतच नव्हतं.

संध्याकाळी मी त्या चाकांवर नाचले. चाकं धरत होती. पूर्ण नाही, पण धरत होती. माझ्या मागे राखेची पुसट रेघ उमटत होती असं मावशी सांगायची. मी आयुष्यात इतकी चांगली कधी गेले नव्हते आणि पुन्हा कधी गेले नाही. कसरत नव्हतीच ती, मी जमिनीकडे गयावया करत होते. शेवटी गिरकी घेऊन थांबले तेव्हा लोक उभे राहिले होते, आणि कलकत्त्याच्या मुलीच्या बापानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. सरांनी खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि मग उगाच नाक शिंकरलं. मला वाटलं, झालं. मिळालं.

निकाल वाचला. कलकत्त्याची पहिली. दिल्लीची धाकटी दुसरी. तिसरी अहमदाबादची, जिचे दात वाजत होते ती. मग त्यांनी कागद घडी घातला. सरांनी जाऊन विचारलं. मी चौथी होते. आकृत्यांना गुण जास्त असतात, तिथे जे गेलं ते नाचून भरून येत नाही. फरक फार थोडा होता म्हणे, ते ऐकायची मला इच्छा नव्हती. पहिली आलेली मुलगी पेला हातात घेऊन रडत होती, तिचा बाप अजूनही हनुवटी वर करून दाखवत होता. घरी जाताना तू माझे स्केट्स दोन्ही हातांत धरले होतेस, छातीशी, आणि तुझं हिरवं लुगडं राखेने माखलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपण भाऊच्या धक्क्यावर. माझी ट्रंक मावशीने भरून दिली होती. शब्द होता, तो पाळायचा होता. सरांनी निरोप द्यायला येणं टाळलं, त्यांना जमलं नसतं. लाँचवर माणसं चढत होती, टोपल्या, कोंबड्या, माणगावकडची एक वरात. तू गाठोडं आत टाकलंस, स्वतः फळीवर पाय ठेवलास आणि मागे वळून माझी ट्रंक उचललीस. मला वाटलं, आत ठेवतेस. तू ती धक्क्यावर, माझ्या पायांशी ठेवलीस.

"तू नको येऊ," म्हणालीस.

मी म्हटलं, "आये, बा?"

"बाला मी सांगते. तू पयली आलीस."

"आये, मी चौथी आले."

"ह्ये तुला नि मना ठाव हाय. आपल्या गावात कोन येतंय मोजाया?" मग तू माझ्या तोंडावरून हात फिरवलास, तो खरखरीत हात, आणि म्हणालीस, "माज्या हातानं घालवलं. माज्या तोंडानं परत आनते. मावशीकडं जा. सरांच्या पाया पड, सांग, झाडायला ठेवा पन ठेवा. नि इकडं लगेच येऊ नको. लोक इचारतील, तुझ्या तोंडावर दिसंल. तुला खोटं बोलता येत नाय." खलाशी ओरडत होता. तू फळीवरून आत गेलीस. दोरी सुटली.

सरांनी ठेवलं. झाडायला नाही, अगदी लहान मुलांना उभं राहायला शिकवायला. क्लबच्या लोकांशी ते काय बोलले मला कधी कळलं नाही. पुढे मॅट्रिक झाले, शाळेत खेळाची बाई झाले, लग्न माझ्या मर्जीने केलं. पण हे तुला माहीत नाही. तुला त्यातलं काहीच माहीत नाही, कारण पावसाळा लागला, लाँच बंद झाल्या, आणि श्रावणात तू तापाने गेलीस. बायका सांगत होत्या, पोरीला कळवू का विचारलं तर तू हाताने नको म्हणालीस. "तिची शिकवनी हाय." पनवेल, पेण, अलिबाग करत, भरलेले ओढे उतरायची वाट बघत मी पोचले, तेव्हा अंगण सारवून झालं होतं. मी दारात बसले आणि एकेक बाई येऊन माझ्या तोंडाला हात लावून म्हणायला लागली, "पयली आलेली पोर ती ह्यी. सगळ्या देशात पयली." काकू म्हणाली, तू परत आल्यावर घरोघर जाऊन सांगितलंस, न थांबता, न अडखळता. पाय न उचलता कशी नाचली तेही करून दाखवलंस. फक्त देवळात गेलीस तेव्हा नारळ ठेवलास आणि तोंडातून शब्द न काढता मागे फिरलीस. बाने मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. खाडीपलीकडच्यांना दिलेला शब्द त्याने स्वतः जाऊन परत घेतला होता. त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते त्याच्याबरोबर गेलं.

मला तुला इतकं विचारायचं होतं. त्या चार महिन्यांत तू रोज कोळंबी सोलताना काय विचार करायचीस? तेलाचाच? पुन्हा कधी मुशीचं तेल हातात घेतलंस का? काकू म्हणाली, त्या वर्षी होडीला तेल लावायला तू गेली नाहीस, अंग दुखतं म्हणालीस. मला तेवढ्यावरून कळलं आणि मी तिथेच आडवी पडले. पोरी कितीतरी तऱ्हांनी पडतात, हरतात, गुण गमावतात, मीच किती जणींना पडायचं कसं ते शिकवलं. तेवढं तुला सांगायला मी यायला हवं होतं, आणि तू मला येऊ नको म्हणून सांगितलं होतंस. मी ऐकलं. माझ्यासारख्या हट्टी मुलीने आयुष्यात एकदा आईचं ऐकलं, तेही नेमकं तेव्हा.

गावात अजून मी पहिलीच आहे. कुणी विचारलं तर हो म्हणते, आणि आता तोंडावर काही दिसत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. कपाटातल्या साड्यांखाली ठेवीन, किंवा फाडीन. एकच राहिलं आहे, ते लिहून संपवते. लाँच धक्क्यापासून सुटली तेव्हा तू कठड्याला धरून उभी होतीस आणि मी रडत होते, ते तू पाहिलंस. मला सोडून चाललीस म्हणून पोर रडते, असं तुला वाटलं असणार. तू लांबून हात हलवत होतीस, गप हो, गप हो म्हणून. आये, मी त्यासाठी रडत नव्हते. मला तुझ्याबरोबर जावं लागलं नाही, त्या आनंदाने मी रडत होते.